सोळा कागदांचं ऊन

कचेरीच्या भिंतीलगत दोन टेबलं होती. एक माझं, एक आमच्या वन्संचं. लोक माझ्याकडून अर्ज लिहून घेत, वन्संकडे त्याच्या प्रती काढत, आणि दुपारनंतर दाखला हातात पडला की तो पुन्हा वन्संकडे आणून त्यावर प्लास्टिक चढवून घेत. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय बावन्न, अंगकाठी किरकोळ, पण आवाज असा की खाली बोलल्या तर वर दुसऱ्या मजल्यावरचा शिपाई खिडकीत येतो. यजमान गेले तेव्हा लोकांनी त्यांना खूप सल्ले दिले. त्यांनी त्यातला एकही घेतला नाही आणि महिनाभरात इथे टेबल टाकलं. आधी गोंद, टाचण्या, पेन असं किडुकमिडुक होतं. मग मशीन आलं, मग प्लास्टिक चढवायचं दुसरं मशीन आलं. या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

त्यांचा स्वभाव कळावा म्हणून एकच सांगते. एकदा आतल्या कारकुनाने त्यांची प्रत फेटाळली. पुसट आहे म्हणाला. ज्याची प्रत तो म्हातारा तीन वेळा वरखाली करून रडकुंडीला आला होता. वन्सं मशीन बंद करून त्याच्याबरोबर आत गेल्या, कारकुनापुढे मूळ कागद आणि प्रत शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाल्या, दोन्ही मोठ्याने वाचून दाखवा. कारकुनाला मूळ कागद वाचता येईना. प्रत मात्र घडाघडा वाचली. त्या दिवसापासून तो त्यांच्या टेबलावरून जाताना उगाच घड्याळ बघत जातो.

तर अशा या बाई. पण बसायची जागा काही त्यांनी निवडलेली नव्हती. ती वायरीने निवडली होती. कचेरीला लागून एक कँटीन आहे. त्याच्या खिडकीतून वन्संनी वीज घेतली होती, दर महिन्याला ठरलेले पैसे देऊन. ती वायर जिथवर पोचली तिथे त्यांचं टेबल, आणि सोबतीला माझं. एका जाड खांबाच्या मागे. फाटकातून आत येणाऱ्याला आम्ही दिसायचो नाही. "प्रती कुठे काढतात हो" असं दहा जणांना विचारत माणूस आमच्यापर्यंत यायचा. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं आणि ते असंच असतं असं आम्ही दोघी धरून चाललो होतो.

कँटीनवाला तोंडाचा गोड. एके दिवशी अकराच्या सुमाराला तो स्वतः दोन कप चहा घेऊन आला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. चहा ठेवून म्हणाला, ताई, मेव्हण्याला काही कामधंदा नाही, त्याला आत एक मशीन घालून देतोय. तेव्हा एक तारखेपासून तुमची वीज बारापर्यंतच. आणि ते प्लास्टिकचं मशीन फार वीज खातं, ते तर लावूच नका. हे सगळं त्याने "तुमच्या भल्यासाठीच सांगतोय" या चालीवर सांगितलं. आता कचेरीतले दाखले मिळतात दोननंतर. प्लास्टिक चढवायचं काम सगळं दोन ते पाचमधलं, आणि खरी कमाईही त्यातलीच. म्हणजे ताटातलं सगळं मेव्हण्याला आणि खरकटं वन्संना.

वन्सं एका गिऱ्हाइकाची प्रत काढत होत्या. कागद मशीनमध्ये अर्धा आत, अर्धा बाहेर. त्यांनी त्या माणसाला जरा थांबा म्हटलं, उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि प्लग उपसून काढला. वायरीची गुंडाळी करून कँटीनवाल्याच्या हातात दिली.

"एक तारखेची वाट कशाला बघायची?" त्या म्हणाल्या. "उन्हावर चालवीन, पण तुझ्या भिंतीतलं नको."

ते उन्हावर चालवायचं नुसतं तोंडून निघून गेलं होतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पण बोलल्या होत्या दहा माणसांसमोर. तो अर्धा अडकलेला कागद काढायला आम्हाला पाव तास लागला आणि तो माणूस तेवढा वेळ "माझा उतारा, माझा उतारा" करत उभा होता, ते वेगळंच.

वन्संकडे घरी वीज जाते तेव्हासाठी घेतलेली बॅटरीची एक पेटी होती. तिला पॉवर स्टेशन म्हणतात, पण आम्ही पेटीच म्हणायचो. पाण्याच्या कॅनएवढी, वर कडी, पुढे प्लग लावायच्या जागा आणि एक छोटा पडदा, त्यावर किती वीज आत येते आणि किती बाहेर जाते याचे आकडे. दुसऱ्या दिवशी ती घरून पूर्ण भरून आणली आणि मशीन तिच्यावर लावलं. छान चाललं. पण दीड वाजता पेटीने मान टाकली. दोन वाजता दाखल्यांची खिडकी उघडली आणि लोक आमच्यासमोरून कँटीनमध्ये गेले, कारण मेव्हण्याचं मशीन एक तारखेआधीच येऊन बसलं होतं. वन्सं मशीनवर फडकं घालून पाचपर्यंत तिथेच बसून राहिल्या. घरी चला म्हटलं तर म्हणाल्या, लवकर उठून गेले तर त्याला वाटेल गेली. तसं पाहिलं तर तो वाटच बघत होता. पंधरा दिवस दुपार अशी बुडाली असती, तर एक तर टेबल उचलावं लागलं असतं, नाही तर मान खाली घालून पुन्हा ती वायर मागावी लागली असती.

मी अर्ज लिहिणारी बाई. "विनंती विशेष" हे माझे पोटापाण्याचे शब्द. मी म्हटलं, कँटीनवाल्याला नको, कचेरीच्या साहेबांना एक अर्ज करू, वीज द्या म्हणून. वन्सं म्हणाल्या, "अर्ज करायचाच तर मी देवाला करीन. तो निदान मेव्हणा बसवत नाही."

पेटीला उन्हावर भरायचं घडीचं पॅनल मिळतं, हे आमच्या ह्यांना ठाऊक होतं. हे खोक्यांच्या छापखान्यात आहेत. मालाची खोकी, त्यावरची चित्रं, अक्षरं, आकडे, सगळं यांच्या हाताखालून जातं. बहिणीवर जीव फार, पण बोलून दाखवायचं नाही अशी रीत. न विचारताच एका संध्याकाळी जाऊन ते पॅनल घेऊन आले. दोनशे वॅट, खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं. हातात धरायला दप्तरासारखं, हलकं, उघडलं की तीन काळी पानं. वन्संनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एवढंच, पण यांचे डोळे भरून आले आणि हे उगाच दिव्याचं बटण बघायला उठले.

हिशोब सरळ होता. पेटीच्या पाठीवर लिहिलं होतं की उन्हाचे दोनशे वॅटपर्यंत ती घेते. दोनशेचं पॅनल म्हणजे पुरे नाही तरी दीडशे तरी येतील, आणि मग प्लास्टिकच्या मशीनसकट पाचपर्यंत सहज.

पण पडद्यावरचा आकडा ऐंशीच्या वर जाईना.

त्या आठवड्यात वन्संनी त्या पॅनलचं काय केलं नाही ते विचारा. टेबलावर ठेवून पाहिलं, खुर्चीला टेकवून पाहिलं, भिंतीला उभं केलं. दर अर्ध्या तासाला उन्हाकडे तोंड फिरवायच्या. ओल्या फडक्याने पुसलं. माझी सावली पडते म्हणून मला दोन हात लांब बसवलं. ऐंशी. कधी अठ्ठ्याहत्तर. पेटी दीडच्या जागी तीनपर्यंत जायची, तीही प्लास्टिकचं मशीन न लावता. तीन ते पाच पुन्हा फडकं. वन्संना वाटायला लागलं की आपल्यालाच ते लावता येत नाही. हे मला फार लागलं, कारण त्यांच्या तोंडून "मलाच जमत नसेल" हे मी त्यांच्या सातवीतल्या गणितानंतर ऐकलेलं नव्हतं, आणि त्या गणिताचंही त्यांनी मला गोष्ट म्हणून सांगितलं होतं.

कँटीनवाला येता जाता बघायचा. एकदा म्हणाला, काय ताई, ऊन कमी पडतंय का, वर अर्ज करू या का आपण. दुसऱ्यांदा नुसतं खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला, वायर अजून तिथेच आहे हो, मी काही फेकलेली नाही.

घरी हे म्हणाले, ताई, थोडं वाकलं म्हणून माणूस मोडत नाही. बारापर्यंत तर बारापर्यंत. वन्सं म्हणाल्या, मला पॅनलचं सांग, वाकायचं मला कळतं. तर हे म्हणाले, पॅनलचं काय सांगायचं, दोनशे छापलंय ना त्यावर.

"अरे, मी दिवसाला तीनशे कागद छापते," वन्सं म्हणाल्या. "छापलं म्हणून खरं होत असतं, तर निम्म्या गावाचं वय पाच वर्षांनी कमी झालं असतं."

हे हसले, पण त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला. स्वतः छापणारा माणूस. छापलेल्यावर त्याचा विश्वास नाही तर कुणाचा असायचा.

पुढच्या सोमवारी मास्तर आले. ते निवृत्त विज्ञान शिक्षक, दर वर्षी हयातीच्या दाखल्यासाठी यायचे आणि दर वर्षी तोच विनोद करायचे, की बाई, मी जिवंत आहे, याच्या दोन प्रती द्या. वन्सं त्यावर दर वर्षी हसायच्या. त्या दिवशी हसल्या नाहीत तेव्हा मास्तरांनी चष्मा वर करून टेबलाकडे पाहिलं, मग पॅनलकडे, मग पेटीच्या आकड्याकडे. कितीचं आहे म्हणून विचारलं. वन्संनी सांगितलं, दोनशेचं. मास्तर म्हणाले, शक्य नाही.

मग त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. भर दुपारचं ऊन एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर पडतं ते हजार वॅटचं धरा. चांगल्यात चांगलं पॅनल त्यातला पाचवा हिस्सा पकडतं, फार तर जरा जास्त. म्हणजे एका चौरस मीटरला दोनशे, थोडे वर. उन्हातान्हात, धुळीत, प्रत्यक्षात हाती येतात एकशे चाळीसच्या आसपास. कंपनीने खोक्यावर काहीही छापलं तरी त्या जागेत त्याहून जास्त ऊन मावत नाही. ते काही फुकट जागा मिळाली म्हणून दाटीवाटीने बसत नाही.

वन्संनी विचारलं, एक चौरस मीटर म्हणजे केवढं. मास्तर हात पसरून दाखवायला लागले, आणि मधेच थांबून त्यांनी टेबलावरच्या कागदांच्या गठ्ठ्यावर टिचकी मारली.

"हा कागद आहे ना तुमचा, ए-फोर. असे सोळा लावले की बरोबर एक चौरस मीटर. मापच तसं ठरवलेलं आहे."

अकरा वर्षांत लाखांनी कागद या बाईच्या हातातून गेले असतील. एका कागदाचा कोपरा दुमडला तरी न बघता बोटाला कळतं. पण सोळांचं हे कुणी सांगितलं नव्हतं. वन्संनी पॅनल जमिनीवर पसरलं, गठ्ठ्यातून कागद काढले आणि नुसत्या काळ्या भागावर, कापडाची किनार सोडून, एकाला एक लावून मांडायला घेतले. रांगेतले लोकही बघायला आले. नऊ कागद बसले. दहाव्याला जागा नव्हती. सोळांचे दोनशे धरले तर नऊ कागदांचं म्हणजे एकशे दहा-पंधराचं पॅनल, आणि त्याचे ऐंशी बरोबर येत होते. पॅनल बिचारं खोटं बोलत नव्हतं, खोटं बोलत होती त्यावरची चिठ्ठी.

वन्सं उकिडव्या बसल्या होत्या त्या तशाच हसायला लागल्या. आठ दिवसांनी हसल्या. म्हणाल्या, मास्तर, तुमच्या दोन प्रती फुकट, आणि पुढच्या वर्षीही जिवंत या.

मास्तरांनी जाताना आणखी एक सांगितलं. पॅनलच्या पाठीवर व्होल्टचे दोन आकडे असतात. त्यातला मोठा, काहीही जोडलेलं नसताना असतो तो, पेटीवर लिहिलेल्या मर्यादेच्या चांगला खाली पाहिजे. थंडीच्या सकाळी तो थोडा वरही चढतो, तेवढी सूट ठेवा. वॅट कमी पडले तर पेटी हळू भरते, व्होल्ट जास्त झाले तर पेटीच जाते. मी ते अर्जाच्या कोऱ्या कागदामागे लिहून घेतलं. आमच्या पेटीवर लिहिलं होतं, बारा ते तीस व्होल्ट.

दुसऱ्या दिवशी टेबल न मांडता आम्ही दोघी दुकानात गेलो. वन्संच्या एका हातात ते पॅनल, दुसऱ्या हातात पेटी, माझ्याकडे पिशवीत कागद. निघताना मी मनात देवाचं नाव घेतलं, कारण वन्संच्या चालण्यावरून मला पुढचं दिसत होतं.

दुकानदार तरुण होता, गिऱ्हाइकांत गुंतलेला. आधी म्हणाला, मावशी, पॅनल उन्हाकडे नीट धरावं लागतं. मग म्हणाला, दोनशे ते कारखान्यातल्या दिव्याखाली मोजलेले असतात. मग म्हणाला, तुमच्या पेटीतच खोट असेल. वन्संनी तिन्ही ऐकून घेतलं. मग पॅनल दुकानाच्या मधोमध जमिनीवर उघडलं आणि माझ्याकडे हात केला. मी एकेक कागद देत गेले, त्या मांडत गेल्या. दुकानातले चार जण गोल करून उभे राहिले.

"वॅट काय कागदाने मोजतात होय, मावशी?" तो म्हणाला.

"मावशी म्हणालास, तर आता भाच्यासारखा ऐक," वन्सं म्हणाल्या, आणि त्याला सोळा कागदांचं शास्त्र मास्तरांपेक्षा थोडक्यात सांगितलं. उभ्या असलेल्या एकाने विकत घ्यायला हातात धरलेलं तसलंच खोकं हळूच परत फळीवर ठेवलं. दुकानदाराने ते पाहिलं.

त्याचा सूर बदलला. म्हणाला, भांडण कशाला, मी तुम्हाला त्याच किमतीत चारशेचं देतो. आणि आतून छपरावर बसवायचं एक मोठं काचेचं पॅनल ओढत आणलं. दाराएवढं. मोह पडावा असंच होतं, मला तर पडलाच. चारशे म्हणजे दुप्पट, आणि कागद मांडायचीही गरज नव्हती, तीसेक तर नक्की बसले असते. एकशे एक टक्के हेच घ्या, असं मी बोलणार होते. वन्संनी ते फिरवून पाठ बघितली. मूळ कागद आणि प्रत ताडून बघताना ओळीखाली बोट सरकवायची त्यांना सवय आहे, तसं बोट चिठ्ठीवरून सरकत गेलं आणि व्होल्टच्या मोठ्या आकड्यावर थांबलं. एकोणपन्नास.

"माझी पेटी तीसच्या वर सोसत नाही," त्या म्हणाल्या. "हे लावलं की पेटी मेली, आणि तुझा विषय मिटला. चांगला आहेस."

त्याने ते मुद्दाम केलं होतं की त्यालाही ठाऊक नव्हतं, देव जाणे. पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या. शेवटी म्हणाला, एक आहे, पण जड आहे आणि महाग आहे, म्हणून कुणी नेत नाही. मागच्या खोलीतून धूळ झटकत घेऊन आला. चार पानांचं, जाड कापडाचं, उचलताना खांद्याला ओढ लागेल असं. त्यावरही दोनशेच छापलेलं. वन्संनी तिकडे बघितलंही नाही, कागद मांडले. एकेका पानावर चार, शेवटच्या कडेला बोटभर कमी. व्होल्ट चोवीस.

मला वाटलं झालं. वन्सं मात्र पानांच्या कडांवरून अंगठा फिरवत होत्या. एका कोपऱ्यात थांबल्या. तिथे प्लास्टिकखाली फुगा होता, ज्वारीच्या दाण्याएवढा, मला तर दाखवल्यावरही दिसेना. दुकानदार म्हणाला, एवढ्याने काय होतं. वन्संनी त्याला सांगितलं की अकरा वर्षं मी लोकांच्या दाखल्यांवर प्लास्टिक चढवते. मधे फुगा राहिला तर चालतं, कडेला राहिला की तिथून पाणी शिरतं, आणि पहिल्या पावसाळ्यात अक्षर जातं. मग हे पॅनलचं प्लास्टिक काय वेगळ्या देवाने केलंय? दुसरा नग काढ.

दुसरा नग काढला. त्याच्या कडा ठीक होत्या. तरी पैसे द्यायच्या आधी त्यांनी तो बाहेर फुटपाथवर उन्हात पसरायला लावला आणि बरोबर आणलेली पेटी जोडली. पडद्यावर आकडा धावत गेला आणि एकशे एकेचाळीसवर थांबला. जुनं पॅनल परत, वरचा फरक वन्संनी दिला. निघताना दुकानदार अर्धवट हसत म्हणाला, मावशी, पुन्हा कागद घेऊन येऊ नका. वन्संनी ते सोळा कागद एकसारखे ठोकून त्याच्या टेबलावर ठेवले.

"हे राहू देत तुझ्याकडे. पुढचं गिऱ्हाईक विचारेल तेव्हा लागतील."

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, ती चिठ्ठी आमच्याकडेच छापली असेल कदाचित. वन्सं म्हणाल्या, छापली असशील, मोजली नव्हतीस. आता मोजायला शिक. एवढ्यावर तो विषय संपला, पण दुसऱ्या दिवशी हे सकाळी ते जड पॅनल स्वतः उचलून कचेरीपर्यंत आले.

चार दिवस दृष्ट लागावी असं काम झालं. प्लास्टिकचं मशीन भर उन्हात लावायचं, नुसत्या प्रती सकाळी आणि शेवटी काढायच्या, असं वन्संनी बसवलं. पेटी पाचलाही जिवंत असायची. पाचव्या दिवशी, नेमकी एक तारीख होती, आम्ही पोचलो तर कँटीनवाल्याने मेव्हण्याच्या मशीनची भलीमोठी पाटी लावलेली, दोन बांबूंवर, भिंतीपासून पुढे काढून. तिची सावली बरोबर वन्संच्या जागेवर. चारातल्या एकाच पानावर पट्टा पडत होता, पण आकडा एकशे चाळीसवरून पस्तीसवर आला. पॅनलचं हे असं असतं, एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळंच मलूल होतं. कँटीनवाला दारात उभा राहून दात कोरत होता.

मी म्हटलं, वन्सं, आता खरंच अर्ज करू. ही अडवणूक आहे. मी कागद पुढे ओढलाही. वन्सं त्या सावलीकडे बघत होत्या. मग खिडकीकडे बघितलं, जिथे पूर्वी प्लग असायचा. मग खांबाकडे. आणि मला विचारलं,

"वहिनी, अकरा वर्षं मी इथे का बसले होते गं?"

मी म्हटलं, वायर इथवरच पोचत होती.

"मग आता कुठे आहे वायर?"

वायर नव्हतीच. इतकी साधी गोष्ट, आणि त्या चार दिवसांतसुद्धा डोक्यात आली नव्हती. दावं सुटलं तरी गाय खुंट्याभोवतीच फिरत राहावी, तशा आम्ही.

"धर ते टोक," वन्सं म्हणाल्या.

आधी त्यांचं टेबल उचललं, मग माझं. खांबाच्या मागून काढून थेट फाटकासमोर नेलं, जिथे आत येणाऱ्याचं पहिलं पाऊल पडतं. पॅनल मोकळ्यावर पसरलं. एकशे अडतीस. कँटीनवाला धावत आला. इथे बसता येणार नाही, जागा भिंतीची मिळालेली आहे, असं म्हणायला लागला. मी आयुष्यात माणसांशी फार भांडलेली नाही. पण आमच्या बसायच्या परवान्याचा अर्ज माझ्या हातचा होता आणि त्यातला शब्दन् शब्द मला पाठ होता. वन्संनी परवाना स्वतःच प्लास्टिक चढवून टेबलाच्या खणात ठेवलेला. तो काढून मी त्याच्यापुढे धरला आणि वाचून दाखवलं, कचेरीच्या आवारात, रहदारीस अडथळा न करता. भिंत हा शब्द त्यात नाही. खांबही नाही. तो साहेबांकडे गेला. साहेबांनी त्याच घड्याळ बघणाऱ्या कारकुनाला खाली पाठवलं. कारकुनाने दोन्ही टेबलांच्या बाजूने चालून बघितलं, रहदारीला अडथळा नाही म्हणाला, आणि एका जुन्या पत्राच्या दोन प्रती काढून घेऊन गेला. पुसट आहेत असं म्हणाला नाही.

आता ढगाळ दिवस असतातच. तेव्हा प्लास्टिक चढत नाही. वन्संनी तशी पाटीच लिहून घेतली माझ्याकडून, "ढग आल्यास थांबावे लागेल". मी वर "कृपया" लिहिलं होतं, ते त्यांनी खोडायला लावलं. सकाळी टेबल मांडलं की मी उगवतीकडे तोंड करून हात जोडते, लहानपणापासूनची सवय आहे. वन्सं हात जोडत नाहीत. त्या एकेक करून पॅनलची चार पानं उघडतात, फडक्याने पुसतात आणि उन्हाकडे तोंड करून ठेवतात. मला वाटतं, पोचायचं तिथे दोन्ही पोचत असेल.

फाटकासमोर आल्यापासून रांग वाढली. दुपारी ती वळत वळत मागे जाते, थेट आमच्या जुन्या जागेपर्यंत, आणि लोक तिथे त्या बांबूवरच्या पाटीच्या सावलीत उभे राहतात. हे कँटीनवाल्याच्या लक्षात यायला आठ दिवस लागले. परवा तो बांबू सोडवायला माणूस घेऊन आला, तेव्हा वन्सं प्रत काढता काढता तिथूनच म्हणाल्या,

"राहू दे की पाटी. माझ्या गिऱ्हाइकांना सावली होते."